आधी नवऱ्याची तपासणी करा

मूल होत नाही म्हणून परवा एक सासूबाई सुनेला घेऊन आमच्या लॅबमध्ये आल्या. कापडी पिशवीत चार वर्षांच्या फायली: थायरॉइड, सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे, आणि मध्येच सौंदत्तीच्या भंडाऱ्याची पुडी. पोराचा एकही कागद नाही. विचारलं, तर म्हणाल्या, "त्याला काय झालंय? धडधाकट हाय की."

बेळगावात सोळा वर्षं हे काम करतेय. हे वाक्य मराठीत ऐकलंय, कन्नडमध्येही ऐकलंय. बाकी सीमाप्रश्नावर काय ती दोन मतं असतील, इथं मात्र दोन्हीकडं एकमत!

मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाचाही काही ना काही वाटा असतो. आणि त्याची पहिली तपासणी सगळ्यात सोपी. सुई नाही, भूल नाही. दोन ते सात दिवस संबंध टाळायचे आणि डबीत वीर्याचा नमुना द्यायचा, बस्स. तरी नवरा येतो सगळ्यात शेवटी. काउंटरवर मला बघून विचारतो, "दुसरं कोण नाही काय हो?" डबी पेपरात गुंडाळलेली, वर प्लॅस्टिकची पिशवी, वर आणखी एक पिशवी.

धडधाकट असण्याचा आणि याचा संबंध नाही. अंडकोशाला शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंडावा लागतो. उद्यमबागेत फाउंड्रीच्या भट्टीसमोर रोज आठ तास उभा राहणारा माणूस दंडानं कितीही तगडा असेल, ती धग शुक्राणूंना मानवत नाही. तिथल्या शिरा फुगल्या असतील (व्हेरिकोसील म्हणतात), तरी तेच. निपाणीच्या तंबाखूचा आम्हाला अभिमान, पण तोच तंबाखू ओढला की शुक्राणूंची संख्याही घटते, चालही मंदावते. वयात आल्यावर गालगुंड होऊन अंडकोश सुजला होता का, हे तर कुणी सांगतच नाही.

मला खरा राग येतो तो तालीम सोडून जिमला लागलेल्या पोरांच्या इंजेक्शनांचा. टेस्टोस्टेरॉन बाहेरून टोचलं की मेंदू आतला कारखाना बंद करायला सांगतो. दंड फुगतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली कधीकधी एकही शुक्राणू दिसत नाही. इंजेक्शन थांबवलं तरी सावरायला महिने जातात, कधी वर्षसुद्धा. शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून आज गुटखा सोडून पुढच्या सोमवारी रिपोर्ट मागू नका.

बायकांची कारणं नसतात असं मी म्हणत नाही. पीसीओडी (बीजकोशांचा बिघाड, पाळी पुढंमागं होते), थायरॉइड, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो). आपल्याकडं क्षयानं गर्भनलिका बंद झालेल्याही सापडतात. वय तर आहेच. मुलगी बीजांचा साठा घेऊनच जन्मते, तो वाढत नाही, आणि पस्तिशीनंतर झपाट्यानं उतरतो. म्हणून तपासणीआधी एरवी वर्षभर वाट बघायची, पण बाई पस्तिशीपुढची असेल तर सहा महिनेच. त्या सुनेची चार वर्षं फायलीत गेली, त्याचा हिशेब कुणी द्यायचा?

त्या सासूबाईंना मी डबी दिली. त्यांनी ती सुनेकडं सरकवली. सून पहिल्यांदाच बोलली, "आत्या, ही त्यांनाच द्या."

आणि हो, नमुना तासाभरात आणा, खिशात, अंगाच्या उबेला. जानेवारीच्या थंडीत खानापूरहून गाडीच्या हँडलला पिशवी अडकवून आणू नका.