समितीवर वर्णी लागली? मग एवढं कराच

तर साहेब, अर्थखात्याच्या समितीवर वर्णी लागली, अभिनंदन. आता विमा, कर्ज, गुंतवणूक विकणाऱ्यांचं कमिशन, इन्सेंटिव्ह, टार्गेट असलं काहीबाही कानावर पडेल, घाबरू नका, ग्राहकाचं संरक्षण तुम्हाला करायचं नाहीये, ते चाललंय असं दिसलं म्हणजे झालं.

नियमांचा मसुदा येईल, तो वाचत बसू नका. 'ग्राहकाच्या हिताला बाधा येईल असे प्रोत्साहन देऊ नये' एवढी ओळ सापडली की मान डोलवायची. बाधा आली की नाही हे ठरवणार कोण असं विचारलंत तर मीटिंग लांबेल, शिवाय ठरवणार विकणारी कंपनीच, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

एखादा आगाऊ मेंबर ब्रिटनचं काढेलच, की तिथे २०१२ संपता संपता गुंतवणुकीच्या सल्ल्यावरचं कमिशन बंद केलं, नेदरलँड्सनं १ जानेवारी २०१३ पासून गृहकर्ज आणि आयुर्विम्यावरचं. त्याला सांगा, आपली परिस्थिती वेगळी आहे, कमिशन गेलं तर गरिबाला फुकट सल्ला कोण देणार? (फुकट म्हणजे ज्याचे पैसे त्याच्याच हप्त्यातून जातात, पण हे मोठ्यानं बोलायचं नसतं.) आणि युरोपकडून शिका जरा. मे २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या आयोगानं सरसकट बंदी टाळून, सल्ला न देता होणाऱ्या विक्रीपुरतीच बंदी सुचवली, आणि २०२४ मध्ये युरोपीय संसदेनं आपल्या मसुद्यातून तीही काढून टाकली. कसं सफाईदार काम!

तरी कधीतरी कांड होतंच. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेचं टार्गेट होतं, एकेका ग्राहकाच्या गळ्यात आठ प्रॉडक्ट. आठच का? तर 'एट'चं 'ग्रेट'शी यमक जुळतं म्हणून, मी नाही सांगत, बँकेच्या २०१० च्या वार्षिक अहवालात छापलंय. यमक जुळवता जुळवता कर्मचाऱ्यांनी लोकांना न विचारता लाखो खाती उघडली, २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलर दंड झाला, ५,३०० जणांची नोकरी गेली, त्यातले बहुतेक खालचेच, आणि मग सिनेटमध्ये मंडळी बँकेच्या बड्या साहेबांवर अशी काही तुटून पडली की बघत राहावं. तसं चिडायला शिका, कॅमेरा चालू आहे ना तेवढं बघून घ्या. अहवाल आधी का नाही वाचला असं कुणी विचारत नाही.

बरं, ते तुमचं परवाचं कर्ज. त्याला एक विमा चिकटवलाय बघा, पान नऊ, अगदी खाली. सही तुमचीच आहे.