‘एक भाग काढा, मोटर बंद’: जिवाणूच्या मोटरबद्दल पसरलेल्या दाव्याचा प्रतिवाद

समाजमाध्यमांवर एक चित्र वर्षानुवर्षे फिरते आहे. एकावर एक बसलेली रंगीत कडी, मधून जाणारा दांडा आणि त्याला जोडलेले लांब शेपूट (कशाभिका), जे फिरवून जिवाणू पोहतो. सोबतचा मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो: ‘हा जिवाणूच्या मोटरचा खरा फोटो. मिनिटाला 1 लाख फेरे, 100 टक्के कार्यक्षमता, 40 सुटे भाग. यातला एकही भाग काढला तर मोटर बंद. अर्धवट मोटर कशाच्याच उपयोगाची नाही, म्हणून ती टप्प्याटप्प्याने घडणे अशक्य. विज्ञानाकडे याचे उत्तर नाही.’

मूळ युक्तिवाद अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बेही यांनी 1996 मध्ये मांडला. 2005 मध्ये पेनसिल्व्हेनियातील डोव्हरच्या शाळेत उत्क्रांतीला पर्याय शिकवण्यावरून झालेल्या खटल्यात तो न्यायालयापुढे आला आणि तिथे टिकला नाही. पण खटल्याच्या निकालाने जीवशास्त्राचा प्रश्न सुटत नसतो. त्याचे उत्तर मोटरच्या रचनेतच शोधायला हवे, आणि ती रचना गेल्या काही वर्षांत विलक्षण बारकाव्याने उलगडली आहे. हे यंत्र पाहून कोणी थक्क होत असेल तर मीही त्याच्यासोबत आहे. कोणाच्या श्रद्धेलाही मी हात लावत नाही. हे लिहितो आहे ते एवढ्यासाठीच की रचनेविषयी जे सांगितले जाते ते चूक आहे.

आधी फोटो. तो फोटो नाही, संगणकावर रंगवलेले चित्र आहे. ही मोटर साधारण 45 नॅनोमीटर रुंद असते. शास्त्रज्ञ जिवाणू किंवा शुद्ध केलेल्या मोटरी क्षणात गोठवतात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हजारो अस्पष्ट प्रतिमा घेतात आणि त्या एकमेकींवर जुळवून त्रिमितीय आकार उभा करतात. त्या आकारावर रंग माणसाने चढवलेले असतात.

आकड्यांत अर्धसत्य आहे. सेकंदाला 1,700 फेरे, म्हणजे मिनिटाला सुमारे 1 लाख, हा वेग खरा आहे, पण तो सोडियमवर चालणाऱ्या ‘व्हिब्रियो अल्जिनोलिटिकस’ या सागरी जिवाणूचा. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूची मोटर जवळपास बिनभाराची असताना सेकंदाला 300 च्या आसपास फिरते आणि पोहताना साधारण 100. कार्यक्षमतेचेही तसेच. मोठा भार आणि मंद गती असताना मोटर मिळालेली ऊर्जा जवळपास पूर्ण वापरते, असे अंदाज आहेत. पण 2006 मध्ये ई. कोलायच्या प्रत्यक्ष पोहण्याची कार्यक्षमता मोजली गेली, ती 2 टक्क्यांच्या आसपास निघाली. इतक्या सूक्ष्म जिवाला पाणी अतिशय चिकट वाटते; बहुतेक ऊर्जा शेपूट फिरवण्यातच जाते.

आता मुख्य मुद्दा: एक भाग काढला की मोटर बंद.

काही भागांबाबत हे खरे आहे आणि ते मान्य करायला हवे. अन्नातून विषबाधा करणाऱ्या साल्मोनेला जिवाणूत पेशीपटलातले मूळ कडे 34 फ्लि-एफ प्रथिनांचे असते. ते काढले तर पुढचे काहीच उभे राहत नाही. पण मजकुरात ‘एकही भाग’ असे म्हटले आहे, आणि तिथेच तो कोसळतो. दांड्याभोवती बुशसारखी बसणारी बाहेरची दोन कडी, प्रत्येकी 26 प्रथिनांची, साल्मोनेलात लागतात. ‘बॅसिलस सबटिलिस’ला बाहेरचे पटलच नाही, म्हणून ही कडीही नाहीत, आणि तो मजेत पोहतो. उलट व्हिब्रियोत जास्तीची कडी असतात, जी ई. कोलायकडे नाहीत. पावसाळ्यात मुंबई-कोकणात ज्याच्यामुळे इशारे निघतात त्या लेप्टोस्पायराची शेपटे तर पेशीच्या बाहेर येतच नाहीत. आतल्या आत फिरतात आणि सगळे शरीर स्क्रूसारखे वळवतात. म्हणजे ‘ही’ मोटर असे एकच काही नाही. प्रथिनांची यादी जातीगणिक बदलते, आणि सगळ्यांत समाईक असलेली यादी 40 पेक्षा बरीच लहान आहे.

मोटर फिरवणारे स्टेटर घ्या. ई. कोलायमध्ये मोटरभोवती ते 11 पर्यंत असू शकतात. एक उरला तरी मोटर फिरते, फक्त जोर कमी. 1984 मध्ये स्टीव्हन ब्लॉक आणि हॉवर्ड बर्ग यांनी स्टेटर बनवू न शकणाऱ्या जिवाणूत ते प्रथिन पुन्हा तयार करायला लावले, तेव्हा थांबलेल्या मोटरचा वेग पायरी पायरीने वाढत गेला. चालू मोटरमध्येही स्टेटर सतत येत-जात असतात. भार वाढला की जास्त जोडले जातात. आणखी एक उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. शेपटाची प्रथिने बाहेर ढकलायला फ्लि-आय हे एटीपी (पेशीचे इंधन) जाळणारे प्रथिन अनिवार्य मानले जात होते. 2008 मध्ये साल्मोनेलातून ते आणि त्याचे जोडीदार फ्लि-एच दोन्ही काढून टाकले, तरी काही जिवाणू थोडेफार पोहले, आणि दुसऱ्या एखाद्या प्रथिनात बदल घडला की अधिक चांगले. आज अत्यावश्यक दिसणारा भाग पहिल्यापासून अत्यावश्यक होता असे त्यामुळे धरून चालता येत नाही. आधी नुसता मदत करणारा भाग, बाकीचे त्याच्याशी जुळवून घेत गेले की, नंतर सोडता येईनासा होतो.

‘अर्धवट मोटर निरुपयोगी’ या वाक्याला सर्वांत थेट उत्तर स्टेटरच्या रचनेने दिले. तो मॉट-ए आणि मॉट-बी या दोन प्रथिनांचा असतो. बराच काळ चारास दोन असे प्रमाण मानले जाई. 2020 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की ते पाचास दोन आहे: मध्ये मॉट-बीची जोडी, भोवती पाच मॉट-एचे कडे. प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) पेशीत आत येतात तसे हे कडे जोडीभोवती फिरते आणि मोटरच्या मोठ्या चक्तीला ढकलते. हीच पाचास दोन मांडणी एक्सब-बी आणि एक्सब-डी या प्रथिनांत सापडते. त्यांचे काम पोहण्याशी संबंधित नाही. ती प्रोटॉनच्या जोरावर बाहेरच्या पटलातून लोह आत घ्यायला मदत करतात. एकाच घराण्यातले इंजिन, दुसऱ्या कामाला जुंपलेले. दांडा आणि त्याला शेपटाशी जोडणारा वाकडा आकडा यांची अनेक प्रथिनेही एकमेकांची नातलग आहेत, एकाच जनुकाच्या प्रती वाढून वेगळ्या होत गेल्याच्या खुणा त्यांत दिसतात. फ्लि-आयचे साम्य एटीपी बनवणाऱ्या यंत्रणेशी आहे.

इथे उत्क्रांती मानणाऱ्या आपल्या बाजूचे एक चुकीचे उत्तरही दुरुस्त करायला हवे. प्लेगच्या जिवाणूकडे यजमानाच्या पेशीत विषारी प्रथिने टोचणारी सुई असते, तिचा पाया मोटरच्या पायासारखा आहे. म्हणून ‘आधी सुई, मग मोटर’ असे सांगितले जाते. 2012 मधील जनुकांच्या वंशावळीचा अभ्यास उलटे सांगतो: सुई कशाभिकेच्या यंत्रणेतून, पोहणे गमावून निर्माण झाली. पूर्वज म्हणून ती चालत नाही. पण फिरणे गेल्यावर उरलेला भाग कामाचा असतो, एवढे ती सिद्ध करते, आणि दाव्याला तेवढेच पुरेसे आहे. मावा या किडीच्या शरीरात राहणाऱ्या बुखनेरा जिवाणूच्या अंगावर शेपूट नसलेले असे शेकडो पाये आढळले आहेत. पोहता न येणारा हा जिवाणू ते प्रथिने बाहेर टाकायला वापरत असावा.

राहिला ‘विज्ञानाकडे उत्तर नाही’ हा शेवटचा दावा. मोटर उलटी कशी फिरते हे कोडे दशकानुदशके होते. स्टेटर एकाच दिशेने फिरतो. चक्तीतल्या फ्लि-जी प्रथिनाचे टोक वळले की स्टेटर चक्तीच्या बाहेरच्या कडेऐवजी आतल्या कडेला लागतो आणि चक्तीची दिशा पालटते, हे आता रचनेतच दिसते. उगमाच्या साखळीतले सगळे दुवे जुळलेले नाहीत, विशेषतः बाहेर प्रथिने सोडणाऱ्या नळीला प्रोटॉनवरचे इंजिन पहिल्यांदा कसे जोडले गेले तो. पण प्रयोग थांबलेले नाहीत. व्हिब्रियो आणि ई. कोलाय यांच्या प्रथिनांचे तुकडे जोडून केलेला स्टेटर ई. कोलायमध्ये बसवला की एरवी प्रोटॉनवर चालणारी तिची मोटर सोडियमवर चालते. 2022 मध्ये असे जिवाणू सोडियम कमी असलेल्या जागी वाढवले, तेव्हा काही दिवसांतच त्यांच्या स्टेटरमध्ये एकेका अमिनो आम्लाचे बदल झाले आणि ते पुन्हा प्रोटॉनवर पोहू लागले.