प्लॉटच्या किमतीवर कर म्हणजे दरोडा?

ग्रुपवर फिरणारा मेसेज तुम्हालाही आला असेल : ‘जमिनीच्या किमतीवर कर म्हणजे कष्टाच्या कमाईवर दरोडा. शेवटी तो भाडेकरूच भरणार. आणि घरापासून जमिनीची किंमत वेगळी काढणार कोण?’

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर सरकारी कागदातच आहे. रेडीरेकनरमध्ये, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरांच्या तक्त्यात, मोकळ्या जमिनीचा दर वेगळ्या रकान्यात असतो. तो बाजारभावाशी नेहमी जुळत नाही, सुधारावा लागेल. युरोपातल्या एस्टोनिया देशात १९९३पासून कर जमिनीवरच आहे, इमारतीवर नाही.

भाडेकरूचं म्हणाल, तर बांधकामावर कर वाढला की घरं कमी बांधली जातात आणि भाडं चढतं. पण कर लावला म्हणून जमीन कमी होत नाही. घरमालक आजही मिळेल तेवढं भाडं घेतोच. उलट आपल्या नागपुरात मनीषनगर, बेसा भागात गवत माजलेले खाली प्लॉट नुसते धरून ठेवणं महाग झालं, तर ते विकले जातील, तिथे घरं होतील.

आता ‘कष्टाची कमाई’. सीताबर्डी ते खापरी मेट्रो मार्च २०१९मध्ये सुरू झाली. वर्धा रोडवर जुना प्लॉट धरून बसलेल्याने त्यासाठी काय केलं? भाव वाढवला तो रस्त्याने, नळाने, मेट्रोने आणि आजूबाजूला राहायला आलेल्या माणसांनी. मेट्रोसाठीचा १ टक्का अधिभार मात्र मुद्रांक शुल्कात लागतो. म्हणजे कर्ज काढून फ्लॅट घेणारं जोडपं तो भरतं, प्लॉट दाबून बसलेला नाही. मला हा सरळ अन्याय वाटतो.

पण या कराच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही सांगतो, हा नैतिक मुद्दा सरसकट चालवू नका. ज्याने मागच्याच वर्षी पूर्ण भावाने प्लॉट घेतला, त्याने सगळी वाढ जुन्या मालकाला मोजून दिली आहे. महाल या जुन्या वस्तीतल्या घरात एकट्या राहणाऱ्या आजींकडे तर रोख पैसाच नसतो. त्यांना ‘समाजाचं देणं द्या’ म्हणणं निर्दयपणाचं आहे. इथे व्यवहार बघा : कर टप्प्याटप्प्याने वाढवा, तेवढाच बांधकामावरचा घरटॅक्स कमी करा, म्हाताऱ्या माणसांचा कर साठू द्या आणि घर विकलं जाईल तेव्हा घ्या.

मेट्रोचा दुसरा टप्पा कन्हान, बुटीबोरी, हिंगण्याकडे जातो आहे. तिथले आजचे दर आत्ताच नोंदवून ठेवले आणि कर फक्त यापुढच्या वाढीवर लावला, तर कालच प्लॉट घेतलेल्याच्या पैशालाही हात लागणार नाही.