चिखलात अनवाणी पळा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

'पूरग्रस्त भागातील धावपटूंसाठी सुवर्णसंधी' असा मथळा असलेला एक मेसेज आठवडाभरापासून फिरतोय. सात मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी खूण आणि शेवटी 'सैन्यातील एका डॉक्टरांकडून साभार, किमान दहा जणांना पाठवा'. डॉक्टरचं नाव नाही, पलटणीचा पत्ता नाही. एरवी असले मेसेज मी उघडतसुद्धा नाही. हा उघडावा लागला, कारण आमच्या घरच्या ग्रुपवर तो वहिनीच्या भावाने, म्हणजे मामांनी टाकला आणि रात्री साडेनऊला माझ्या भाच्याचा फोन आला. "आत्या, बुडालेलं समदं आता डब्बल पळून काढावं लागंल का? आन् बूट नसले तरी चालतंय म्हणं."

भाचा परंडा तालुक्यातला, गाव सीना नदीच्या काठाला. 18 जानेवारी 2026 ला मुंबईत त्याची पहिली मॅरेथॉन आहे, पूर्ण 42.195 किलोमीटरची. सप्टेंबरपर्यंत पोरगं आठवड्याला चाळीसेक किलोमीटर पळत होतं, एका रविवारी 18 सुद्धा झाले होते. मग सीना गावात शिरली. त्या दिवसांत तालुक्यात हेलिकॉप्टरने माणसं काढावी लागली, हे टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंय. यांची माणसं वाचली, दोन वासरं गेली, सोयाबीन शेतातच कुजलं. बूट गोठ्यातल्या गाळात सापडले, तेही पाच दिवसांनी. ही त्याची सुवर्णसंधी.

मेसेजचा पहिलाच मुद्दा असा: 'पुराचा गाळ खनिजांनी भरलेला असतो. रोज अर्धा तास त्यात अनवाणी धावल्यास खनिजे तळव्यातून शरीरात जातात व पाय पोलादी होतात.'

तळव्याची कातडी ही अंगावरची सगळ्यांत जाड कातडी. तिच्यातून लोह आणि कॅल्शियम आत जात असतं, तर जन्मभर भात लावणाऱ्या बाया कधी अशक्त दिसल्या नसत्या. पण भेगांतून आणि खरचटलेल्या जागेतून आत जाणारं दुसरं बरंच काही त्या गाळात असतं. गोठे धुऊन आलेलं पाणी, उंदराघुशींची बिळं, मेलेली जनावरं, फुटलेले संडास, सगळं एकत्र. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू उंदीर, गुरं, कुत्री यांच्या मुतातून पाण्यात उतरतात आणि जखमेतून, फार वेळ भिजून मऊ पडलेल्या कातडीतून, डोळ्यातोंडातून माणसात शिरतात. 2005 च्या 26 जुलैनंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, ती याच वाटेने.

'पण खेळाडूंची प्रतिकारशक्ती चांगली असते' असं मामांनी ग्रुपवर लगेच लिहिलं. त्यांच्यासाठी एक दाखला देते, आणि तो नीट वाचावा ही विनंती. 2000 साली बोर्नियोत साबाह इथे जंगल, नदी, गुहा पार करत जाण्याची एक मोठी शर्यत झाली. 26 देशांतले 304 खेळाडू होते. म्हणजे आपल्या गल्लीत पळणारे नव्हेत, जगभरातून आलेले तयारीचे लोक. घरी परतल्यावर एकेक जण तापाने पडायला लागला. चौकशीत 189 जणांशी बोलणं झालं, त्यांतल्या 80 जणांची लक्षणं लेप्टोच्या व्याख्येत बसली. शंभरात 42. त्यांतले 29 दवाखान्यात भरती झाले. सुदैवाने कुणी दगावलं नाही. हे सगळं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या 'इमर्जिंग इन्फेक्शियस डिसीजेस' या नियतकालिकात 2003 मध्ये छापून आलंय. सगळ्यांत जास्त धोका नदीत पोहलेल्यांना होता, हेही त्यात आहे. म्हणजे आपला गाळ आणि त्यांची नदी अगदी एक नाहीत, कबूल. पण प्रतिकारशक्तीचा मुद्दा मामांनी आता मागे घ्यावा.

यातली खरी मेख वेगळीच आहे. लेप्टोचं अंगदुखणं पोटऱ्यांत आणि कंबरेत जास्त असतं, तेही चिखलातून गेल्यावर लगेच नाही, सहसा पाच ते चौदा दिवसांनी. आता पळणाऱ्या पोराच्या पोटऱ्या दुखल्या तर त्याला काय वाटणार? सराव लागला! आणि मेसेजचा सहावा मुद्दा सांगतो की 'धावण्याआधी एक पेनकिलर घेतल्यास दुखणे जाणवत नाही'. लेप्टो वाढला की मूत्रपिंडावर जातो. दुखण्यावरच्या बऱ्याच गोळ्या, त्यातही अंगातलं पाणी कमी झालेलं असताना घेतलेल्या, मूत्रपिंडावरच ताण टाकतात. पहिला आणि सहावा मुद्दा एकाच माणसाने पाळला, तर त्याला कुठे न्यावं लागेल ते मामांनीच सांगावं.

म्हणून भाच्याला सांगितलं: गाळात उतरायचं तर गमबूट घालून. पायाला चीर असली तर झाकून. ताप आला, डोळे लाल झाले, पोटऱ्या ठणकल्या, तर डॉक्टरला आधी 'पुराच्या पाण्यात होतो' हे सांगायचं, पळण्याचं नंतर. लेप्टो होऊ नये म्हणून देतात ती गोळी आहे, पण ती डॉक्टरला विचारून, शेजाऱ्याच्या डब्यातली नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते त्याला आठवेना, म्हणून तेही घ्यायला लावलं. गाळाखाली काटेरी तार आहे, पत्रे आहेत, उसाची धसकटं आहेत. पाय पोलादी व्हायच्या आधी टाके पडायचे.

दुसरा मुद्दा दुपटीचा, म्हणजे ज्यासाठी फोन आला तो. तीन आठवडे बुडाले, म्हणजे पुढचे तीन आठवडे चाळीसच्या जागी ऐंशी किलोमीटर. हा काय पीककर्जाचा हप्ता आहे, थकला म्हणून दंडव्याजासह भरायला? तीन आठवड्यांत दम कमी होतो, पण शून्यावर येत नाही, आणि गेला तेवढा लवकर परततो. नडगीचं हाड आणि टाचेमागची शीर मात्र सावकाशीची गिऱ्हाइकं. त्यांच्यावर एकदम भार टाकला की डिसेंबर प्लास्टरमध्ये. आम्ही कॅलेंडर काढून बसलो. 12 ऑक्टोबरच्या रविवारपासून शर्यतीपर्यंत बरोबर 14 आठवडे मिळतात. पहिला आठवडा वीस किलोमीटर, तेही बोलत बोलत पळता येईल अशा वेगाने. चौथ्या आठवड्याला पुन्हा चाळीस. डिसेंबर संपेपर्यंत एकदा तरी 28-30 चा रविवार, आणि शेवटचे अडीच-तीन आठवडे कमी करत जायचं. रस्ता परंडा-बार्शीचा, उजाडल्यावर, कारण कडेची साईडपट्टी कुठे वाहून गेली ते अंधारात दिसत नाही. डिसेंबरात तीसचा रविवार जमलाच नाही, तर थोडं पळणं थोडं चालणं असं करून शर्यत पुरी करायची. किंवा यंदा सोडायची. हे ऐकून तो गप्प बसला. बसू दे.

तिसरा मुद्दा वाचून मात्र माझा हात थांबला. 'घरातील गाळ उपसणे हाच उत्तम व्यायाम.' नाही म्हणवत नाही. दिवसभर फावडं आणि घमेलं घेऊन पोरगं बापाबरोबर राबतंय, त्याची छाती आणि कंबर काही बसून राहिलेली नाही. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं मेसेजवाल्याने खाल्लं: ते श्रम हिशोबात धरायचे असतात. ज्या दिवशी सहा तास गाळ काढला, त्या संध्याकाळी पळायचं नाही. जेवायचं आणि झोपायचं. रब्बीच्या पेरणीच्या दिवसांतही हेच.

चौथा, दर किलोमीटरला एक ग्लास पाणी. 42 ग्लास म्हणजे साडेआठ लिटरच्या आसपास. पोटात हंडा घेऊन कोण पळतं? मॅरेथॉनमध्ये पाणी अति झालं तर रक्तातलं सोडियम उतरतं, फेफरं येऊ शकतं, माणसं त्याने गेलेलीही आहेत. तहान लागेल तसं प्यावं. आणि सध्या पिण्याचं पाणी उकळून घ्या म्हणावं, कारण पूर विहिरींतही उतरलाय.

पाचवा, पळताना खायच्या महागड्या एनर्जी जेलऐवजी गूळशेंगदाणे. चालेल. फक्त कोरड्या तोंडाने पळताना शेंगदाणा घशात अडकतो, तेव्हा आधी लांबच्या रविवारी खाऊन बघावं.

सातव्याला उत्तर द्यायची माझी इच्छा नव्हती. 'किल्लारीच्या भूकंपानंतर पंधराच दिवसांत तिथली मुले मॅरेथॉन धावली होती.' 30 सप्टेंबर 1993 ला, विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली, तेव्हा मी औसा तालुक्यात चौथीत होते. सरकारी आकड्यानेच जवळजवळ आठ हजार माणसं गेली. पुढचे कितीतरी दिवस आम्ही अंगणात झोपलो, आणि मोठी माणसं रोज कुणाच्या ना कुणाच्या मयतीला जात होती. त्या पंधरवड्यात तिथे कोण मॅरेथॉन धावलं, ते लिहिणाऱ्याने एकदा किल्लारीत येऊन पारावर बसलेल्यांना विचारावं.

गाळातले बूट मी फेकायला लावले. नवे लातूरहून एसटीच्या पार्सलने पाठवलेत, रोजच्या चपलेपेक्षा एक नंबर मोठे, कारण लांब पळताना पाय सुजतो. मामा, राग मानू नका, पण तुमचा मेसेज ग्रुपवरून तेवढा काढून टाका. वहिनीने तो माहेरच्या ग्रुपवरही पाठवलाय, तिथलाही.