दारातली रेटारेटी चोरांसाठीच जपून ठेवलीय का?

नाशिकच्या एसटी स्टँडवर त्र्यंबकची बस फलाटाला लागायच्या आधीच पळापळ सुरू. गाडी अजून मागे येतेय आणि खिडकीतून रुमाल, टोप्या, पाण्याच्या बाटल्या आत पडायला लागल्या. काही महाभाग तर कागदपत्रं असलेली बॅगच सीटवर फेकतात आणि मग दाराशी पाच मिनिटं झुंजतात. दार एकच, आतले त्यातूनच उतरणार, बाहेरचे त्यातूनच चढणार. वर भोंग्यातून सूचना चालूच: प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी. कशी घ्यावी हो? एका हातात दांडी, दुसऱ्या हातात पोर, तिसरा हात देवाने दिलेला नाही.

बाहेरून नाशिकला येणाऱ्याला जो तो सांगतो, 'गर्दीत सांभाळून राहा.' या सल्ल्याचीच चीड येते. गर्दी काय आभाळातून पडते? मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलंच झालं. पण गर्दी वाढणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. फलाटावर दोन लोखंडी पाइप रोवून रांग करायला कुठलं तंत्रज्ञान लागतं? २००३ च्या सिंहस्थात याच शहरात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. आता २०२७ चा सिंहस्थ दारात आहे आणि बसच्या दारात आपण अजून एकमेकांच्या बरगड्या मोडतोय.

इथल्या चोराला हुशार असावंच लागत नाही, कारण अर्धं काम आपणच करून देतो. तिघं-चौघं असतात, त्यात बायकाही. एक जण पायरीवर थबकतो आणि विचारतो, "ही त्र्यंबकला जाते का?" वर एवढी मोठी पाटी, तरी विचारतो. मागचा रेटा देतो. बाजूच्याच्या हातावर शाल नाहीतर रिकामी पिशवी, आणि तिच्याखाली तुमच्या पर्सची चेन उघडते. दहा सेकंदांत कारभार आटोपतो. मग "ही नाही, दुसरी" म्हणत मंडळी मागे फिरतात. चढता चढता कुणी दारातून उलटा वळला की जागेची फिकीर सोडा, आधी पर्स चाचपा.

मंगळसूत्र फलाटावर येण्याआधीच काढून आतल्या कप्प्यात ठेवा, नाहीतर पदर किंवा ओढणी गळ्याभोवती घेऊन पिन लावा. तिकिटाचे सुटे पैसे वेगळ्या खिशात हवेत, कारण पाकीट कुठून निघतं आणि कुठे परत जातं हेच चोर बघत असतो. सॅक पुढे. दोघं असाल तर एकाने मोकळ्या हाताने आधी चढायचं, दुसऱ्याने सामान खालून द्यायचं. आणि पहिला लोंढा जाऊ द्या. उभं राहून त्र्यंबक गाठलं तरी महादेव काही रागावत नाही.

रिक्षाचं तर विचारूच नका. नाशिकरोड स्टेशन ते सीबीएस, म्हणजे शहरातला मध्यवर्ती एसटी स्टँड, नऊ-दहा किलोमीटर. परवाना तीन प्रवाशांचा. मागे चार, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक. मीटर शोभेला. पण खरा धोका आधीच दोघं बसलेल्या रिक्षात आहे. तुम्हाला मधे घेतात, "काका, सरका ना जरा" असं दोन-तीनदा होतं आणि थोड्या अंतरावर ड्रायव्हर म्हणतो, "जागा होत नाही, दुसरी बघा." तोवर खिसा मोकळा झालेला असतो! रिक्षात मधे बसू नका, बॅग सीटमागच्या जागेत टाकू नका, नंबर प्लेटचा फोटो घरी पाठवूनच बसा. त्यापेक्षा सिटीलिंकची, म्हणजे महापालिकेची शहर बस बरी, निदान कंडक्टर असतो.

खासगी ट्रॅव्हल्सवाले पहाटे साडेतीनला नाशिकच्याच द्वारका चौकातल्या पुलाखाली उतरवून मोकळे होतात. आडगाव नाका, द्वारका, मुंबई नाका, यातलं नेमकं कुठे सोडणार हे तिकीट काढतानाच विचारून ठेवा. अंधारात उतरलात तर सामान घेऊन चौक ओलांडायला जाऊ नका, उजेडातल्या टपरीजवळ थांबा.

एवढं करूनही मोबाइल गेलाच, तर सोबतच्याच्या फोनवरून आधी सिम बंद करा, मग बँकेला कळवा. नाहीतर चोराच्या हातात ओटीपी जातो. खात्यातून ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर हेल्पलाइन १९३०, एरवी पोलिसांचा ११२, रेल्वेत १३९. आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, *#०६# दाबून आजच कागदावर लिहून ठेवा, पुढे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करताना तो आणि पोलिस तक्रारीची प्रत लागते. त्या प्रतीसाठी गेलात की 'आमची हद्द नाही' ऐकायला मिळेल. झिरो एफआयआर मागा, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. आणि सही करण्याआधी कागद नीट वाचा. 'चोरी'च्या जागी 'गहाळ' लिहिलेलं असेल तर सही करू नका. फोन तुमच्या हातून पडलेला नाही, चोरीला गेलाय.