बंटीच्या भावंडांचा शोध

दीड वर्षापूर्वी आमचा लॅब्रेडॉर बंटी पाखाडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबला आणि पुढे यायलाच तयार होईना, तेव्हा आम्हाला वाटलं गोचीड ताप असेल. कोकणात कुत्रा जरा मलूल दिसला की पहिला संशय गोचिडावर जातो, आणि बऱ्याचदा तो खराही असतो. रक्त तपासलं, काही निघालं नाही. दिवसा तो आगरात पडलेल्या नारळामागे धावायचा, पण दिवेलागणीनंतर ओटीवरून खाली उतरायचा नाही. अंधारात त्याच्या डोळ्यांची चमकही वाढली होती. शेवटी मुंबईला नेलं. डॉक्टरांनी डोळ्याचा पडदा पाहिला, डीएनए तपासणी करून घेतली आणि सांगितलं, पीआरए, म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होणं. लॅब्रेडॉरमध्ये आढळणारा आनुवंशिक आजार. आधी रातांधळेपणा येतो, मग हळूहळू दिवसाचंही दिसेनासं होतं. दुखत नाही, पण औषधही नाही. बंटी तेव्हा पाच वर्षांचा होता.

हा आजार येतो कसा, हे समजल्यावर माझी झोप उडाली. दोष असलेलं जनुक आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही मिळालं तरच आजार होतो. एकाकडून मिळालं तर कुत्रा ठणठणीत राहतो, फक्त ते जनुक पुढच्या पिढीत नेतो. असे दोन ठणठणीत वाहक एकत्र आले की प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे बंटीचे आईवडील बघून कुणालाही काही कळलं नसतं. आजार दिसेपर्यंत मधली चार-पाच वर्षं जातात आणि तोवर तीच जोडी पुन्हा पुन्हा लावली जाते.

मी ब्रीडरला फोन केला तो भांडायलाच. घाटावरचा माणूस, बंटीला २०१९ साली त्याच्याकडूनच आणलं होतं. तो म्हणाला, "आमच्या पिल्लांची अशी तक्रार कधी आली नाही." मला राग आला. पण त्याच आठवड्यात चिपळूणला डॉक्टरांकडे बाकावर बसलो असताना शेजारच्या ताईंची पिवळी लॅब दिसली. त्याच ब्रीडरकडची, बंटीच्याच वेतातली, आणि तीही संध्याकाळी भिंतीला धडकायची. ताईंनी ब्रीडरला कळवलं होतं का? नाही. "कळवून काय उपयोग?" असं त्यांना वाटलं होतं. मग तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच कुणी सांगितलं नव्हतं.

इथे चूक आपली मालकांचीही आहे, हे मी स्वतःला धरून लिहितोय. पिल्लू घरी आणलं की आपण ब्रीडरचा नंबर विसरतो. कुत्रा बरा असेल तर फोन करत नाही, आजारी पडला तर शिव्या द्यायला करतो. त्याने मग दार लावून घेतलं तर नवल काय? शिवाय फक्त आजारी कुत्र्यांची नोंद ठेवून काही कळत नाही. नऊपैकी दोन आंधळे की दोनपैकी दोन, यात केवढा फरक आहे! निरोगी कुत्र्यांचीही नोंद तितकीच हवी. अमेरिकेत २०१२ पासून तीन हजारांवर गोल्डन रिट्रीव्हरची आयुष्यभराची माहिती अशीच गोळा होते आहे. तिथले मालक दरवर्षी न चुकता फॉर्म भरतात, कुत्रा धडधाकट असला तरी.

आणि हे आपल्याला नवं नाही. हापूसमध्ये साका निघतो, म्हणजे आतला गर स्पंजासारखा खराब होतो, आणि फळ कापल्याशिवाय तो दिसत नाही. आपल्या लोकांनी ते लपवलं असतं तर वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राला नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ साली साका नसलेला 'रत्ना' आंबा देता आला असता का? कलम कुठल्या झाडाचं, हे आपण नर्सरीवाल्याला खोदून खोदून विचारतो. मग पिल्लाच्या आईवडिलांची पीआरएची तपासणी झाली आहे का, कंबरेच्या सांध्याचा एक्स-रे काढला आहे का, हे का विचारत नाही? केसीआयच्या, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या, कागदावर वंशावळ कळते, डोळे आणि सांधे कळत नाहीत.

ब्रीडरांनाही एक सांगायचं आहे. वाहक निघालेली मादी बाद करायची गरज नाही. तिला तपासलेला, त्या जनुकापासून मुक्त असलेला नर दिला तर एकही पिल्लू या आजाराने आंधळं होणार नाही. तपासणीला थोडंसं रक्त किंवा गालाच्या आतला स्वॅब पुरतो. निकाल मात्र वाईट आला तरी सांगायला हवा.

मी त्या ब्रीडरकडे परत गेलो, या वेळी ताईंना घेऊन आणि दोन्ही कुत्र्यांचे रिपोर्ट घेऊन. तो बराच वेळ कागद बघत बसला. मग आत जाऊन जुनी वही घेऊन आला. त्या वेतात नऊ पिल्लं होती, आणि त्यानंतर त्याच जोडीची आणखी दोन वेतं झाली होती. ती जोडी त्याने आता थांबवली आहे आणि आम्ही तिघं मिळून त्या वहीतले नंबर एकेक करून लावतो आहोत. बंटीच्या वेतातली पाच सापडली. तिघांचे डोळे आजवर उत्तम आहेत, तेही लिहून ठेवलंय.

चार अजून सापडायची आहेत. त्यातली एक काळी मादी कणकवलीकडे गेली आणि एक पिवळा नर अलिबागजवळच्या एका वाडीत. दोघांचे नंबर बंद आहेत. २०१९ सालचा, घाटावरून आणलेला लॅब तुमच्याकडे किंवा ओळखीत असेल तर मला मेसेज करा. कुत्रा अगदी बरा असला तरी करा.