पेटीचा हात थरथरतोय? आधी वीजपुरवठा बघा
बटण दाबलं की आतून हात येऊन तेच बटण बंद करणारी पेटी एका लेखात वाचून मीही केली. त्या लेखात एक गोष्ट राहिली: सर्वोला (हात हलवणारी, ठरलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) आर्डुइनोच्या (तिला चालवणारा, कोड भरता येणारा छोटा बोर्ड) ५ व्होल्टच्या पिनवरून वीज देऊ नका. हात अडला की मोटर एकदम जास्त करंट ओढते, व्होल्टेज पडतं, बोर्ड रीसेट होतो. माझ्या पेटीचा हात बटणाशी पोचून नुसता थरथरायचा आणि मी दोन संध्याकाळी कोडमध्येच चूक शोधत बसलो! सर्वोला वेगळा पुरवठा, त्याचा आणि बोर्डाचा ग्राउंड (ऋण बाजूची तार) एकत्र, सर्वोजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून गरजेला देणारा भाग), झालं काम.

आणि हात दर वेळी एकाच वेगाने आणू नका. कोन थोडाथोडा बदलत, मध्येच रँडम थांबवत आणलात तर पेटी खरंच वैतागल्यासारखी वाटते.